गच्चीवरचे भूत

डोंबिवलीत शेजारच्या गच्चीवर मोबाइलचा मनोरा उभा राहिला, तेव्हा विरोधाच्या अर्जावर पहिली सही माझीच होती. पुढे वाचनात आले, की १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे मनोऱ्यांच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली आहे. हातातल्या फोनलाही बंधन आहेच : शरीराच्या किलोमागे १.६ वॉट. शिवाय मनोरा दूर गेला, की बहिऱ्या आजोबांशी बोलावे तसा फोन अधिक जोराने ओरडू लागतो!

त्या रात्री पाहतो, तो मुलगी फोन उशाशी घेऊन झोपलेली. वाढदिवसाला मीच तो आणून दिला होता. हळूच उचलून दूर टेबलावर ठेवला. अर्जावरची सही मात्र अजून तशीच आहे. भीती काही उचलून ठेवता येत नाही.