पेटीची किल्ली कुणाकडे?

यवतमाळ

चि. राणीस अनेक आशीर्वाद.

‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात प्रभाग समन्वयक म्हणून तू झरी-जामणीला रुजू होतेस, हे वाचून फार आनंद झाला. बचत गटांच्या कामात माझी उमर गेली, म्हणून एक गोष्ट मनापासून सांगते.

पहिल्या बैठकीतच बायका एकमेकींना जोखून घेतात. मोठ्या आवाजात, नजरेला नजर देऊन बोलणारी अध्यक्ष होते. पदर ओढून मागे बसणारी ‘हिला काही समजत नाही’ म्हणून बाजूला पडते. हे कुणी मुद्दाम करत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला, तरी तो भरवशाचा आहे की नाही, हे माणूस ठरवून मोकळा होतो. जास्त वेळ पाहू दिलं, तर मत फारसं बदलत नाही. त्याची खात्री तेवढी वाढते.

तुझ्या भागात हे जास्तच जपावं लागेल. कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या बाईची घरची भाषा कोलामी, बंजारा तांड्यावरचीची गोरमाटी. मराठी शब्द शोधताना ती थांबते आणि ऐकणारीला वाटतं, ही काहीतरी लपवते आहे.

म्हणून पंचसूत्री मनावर घे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे हे काही फक्त बँकेसाठी नाहीत. अबोल बाई दर आठवड्याला पैसे भरते, ते सगळ्यांदेखत मोजले जातात, वहीत चढतात. हळूहळू तिच्याबद्दलचं मत तिच्या वागण्यावरून बनू लागतं. तेच पैसे घरोघरी फिरून परस्पर गोळा केले, तर हिशेब चोख राहील, पण तिचा चोखपणा कुणाला दिसणार नाही.

तुझ्याकडेही सगळ्यांचं लक्ष असेल. खुर्ची दिली तरी सतरंजीवर, गोलात बस. पोडावरचा चहा सरपंचाच्या घरच्या चहाइतक्याच सहज घे. मोबाइल पिशवीत राहू दे. तू कुणाच्या बोलण्यावर मान डोलावतेस, त्यावरून कुणाचं ऐकायचं हे गट ठरवतो.

बेधडक बोलणारी गटाला हवीच. बँकेत, ग्रामसभेत तीच पुढे होते. पण कर्ज आधी कुणाला आणि गटाच्या पैशांच्या पेटीची किल्ली कुणाकडे, हे ठरवायच्या आधी वही उघडून सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचायला लाव. मग बोलू दे सगळ्यांना.

तुझी,
मावशी