वादळानंतरची खाडी आणि काळुंदर



वादळात पडलेल्या नारळ-सुपारीबद्दल आपण खूप बोलतो. आज खाडीबद्दल लिहितोय. वाडी आडवी झाली की घरचं कालवण खाडीवरच येतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं तेव्हा आमच्या मुरुड, हर्णै, आंजर्ले पट्ट्यात पडलेल्यांपेक्षा उभी झाडं मोजणं सोपं होतं. नवीन सुपारीला उत्पन्न यायला पाच-सहा वर्षं तरी जातात. तोवर संध्याकाळी गरी घेऊन आंजर्ल्याची खाडी गाठायची, हेच माझं चाललंय. मासा ठरलेला, काळुंदर. चपटा, अंगावर उभे पट्टे आणि मोत्यासारखे ठिपके. केरळात यालाच करीमीन म्हणतात, तिथला तो राज्यमासा आहे. गोडं-खारं दोन्ही पाणी सोसतो, म्हणून पुरानंतरही खाडीत टिकतो.

वादळानंतर पहिले तीन-चार दिवस मात्र जाऊ नका. जोग नदी गढूळ पाणी आणि भाराभर पाला आणते. पाला कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमिट करताना दिसले तर समजा, पाणी अजून निवळलेलं नाही. निसर्गनंतर दोनच दिवसांनी वटपौर्णिमा होती, उधाणाच्या भरती-ओहोटीने खाडी लवकर धुतली गेली. भांगाच्या दिवसांत वादळ झालं तर जास्त थांबावं लागेल.

वेळेचं जुनं गणित सगळ्यांना माहीत आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. खाडीत आत जाल तसं थोडं उशिरा. भरतीचा शेवटचा तास आणि ओहोटीचा पहिला, तेवढाच धरायचा. जागा म्हणाल तर पडलेल्या खोडाच्या आड, पुलाच्या खांबाशी, तिवरांच्या मुळांजवळ. तिथे धार मोडते, शेवाळ धरतं, ते हा मासा खातो. तोंड लहान, म्हणून गरी लहान. आमिषाला पिठाची गोळी किंवा कोळंबीचा तुकडा.

आता खरा मुद्दा. काळुंदर अंडी पाण्यातल्या दगड-लाकडाला चिकटवतो आणि नर-मादी दोघं राखण करतात. एकाच जागी जोडी घुटमळताना दिसली तर सोडून द्या. ती उचललीत तर अंडी दुसरे मासे फस्त करतात.

म्हणून वादळानंतर खाडी साफ करताना सगळंच ओढून काढू नका. होड्यांच्या वाटेतलं आणि खारबंदिस्तीच्या उघाडीत अडकलेलं लाकूड काढायलाच हवं, नाहीतर खाजणातलं भात बुडेल. पण काठाला आडवं झालेलं खोड राहू दे.

उलट वाडीतल्या झावळ्या नि बुंधे खाडीत लोटू नका. कुजक्या बुंध्यात गेंड्या भुंगा वाढतो, ही भीती खरी आहे. पण बुंधे फोडून, वाळवून चुलीला लावता येतात. झावळ्या तोडून आळ्यात आच्छादनाला घाला. खतखड्ड्यात मेटारायझियम बुरशी वापरा, भुंग्याच्या अळ्या तिथेच मरतात.

केळशी, बाणकोट, दाभोळ खाडीवाल्यांनो, तुमच्याकडे वादळानंतर मासा कितव्या दिवशी गरीला लागतो, ते तिथीसकट सांगा. पुढच्या वादळाला कामी येईल.