स्वस्त गावाचा हिशेब

मैत्रिणींनो, 'डिजिटल नोमॅड' हा शब्द तुमच्या घरात अजून शिरला नसेल, तर लवकरच शिरेल. एखादा भाचा, एखादी पुतणी सुटीत येईल, मोबाइलवर समुद्रकाठचे फोटो दाखवील आणि म्हणेल, "आता असंच राहायचं." नोमॅड म्हणजे भटका. नोकरी एका देशातली, पगार तिथला, आणि मुक्काम मात्र जिथे खर्च कमी तिथे. लॅपटॉप, इंटरनेट आणि बसायला एक टेबल, एवढा संसार पुरे. तीन महिने या गावात, तीन महिने त्या गावात.

माझे माहेर धुळ्याचे. भटके म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे साक्रीकडचे ठेलारी येतात. पावसाळा सरला की मेंढ्यांचे कळप घेऊन ती माणसे बाहेर पडतात. संसार घोड्यावर लादलेला, लेकरेही त्यावरच. संध्याकाळी रानात मुक्काम पडला की पुरुष मेंढ्या बसवतात आणि बाई तीन दगड शोधून चूल मांडते. रोज रान नवे, पण चुलीपुढची बाई तीच. म्हणून या लॅपटॉपवाल्या भटक्यांविषयी ऐकले तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की यांची चूल कोण मांडतं?

मला हे सगळे कळले ते माझ्या धाकट्या जावेमुळे. ती पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि तिचे काम जर्मनीतल्या लोकांशी. २०२२ च्या हिवाळ्यात तिच्या बरोबरीची एक जर्मन मुलगी मोरोक्कोला जाऊन राहिली. मोरोक्को म्हणजे आफ्रिकेचे अगदी वायव्य टोक. तिथे अटलांटिक समुद्राच्या काठी एसाविरा नावाचे जुने तटबंदीचे बंदर आहे. निळ्या होड्या, सीगल पक्ष्यांचा कलकलाट, सार्डिन मासळी आणि सतत भणाणणारा वारा. धाकटीच्या लॅपटॉपवर मी ते पाहिले आणि खरे सांगते, मन हरखून गेले. आपण शांपूच्या बाटलीवर 'आर्गन तेल' वाचतो ना, ते त्याच भागातले. तिथल्या बायका दगडाने एकेक बी फोडून ते काढतात.

त्या मुलीची सोय मोठी नामी होती. हिवाळ्यात जर्मनी आणि मोरोक्को यांची घड्याळे एकच. पगार युरोमध्ये, खर्च तिथल्या दिरहममध्ये. जर्मन माणसाला तिथे तीन महिने व्हिसाशिवाय राहता येते. (आपल्याला तसे जमत नाही हो, आपल्या पासपोर्टला व्हिसा लागतो!) अशा लोकांसाठी काही देशांनी खास परवानेच काढले. बार्बाडोस बेटाने २०२० च्या जुलैत, एस्टोनियाने त्याच ऑगस्टमध्ये. "या, आमच्याकडे राहा, नोकरी तुमच्या देशाची करा, पैसा आमच्याकडे खर्च करा," असा सरळ व्यवहार.

तुम्ही म्हणाल, जळगावच्या बाईला याचे काय? अहो, आमच्या घरात हेच सगळे त्याच्या दोन वर्षे आधी होऊन गेले होते. फक्त समुद्र नव्हता, मेहरूणचा तलाव होता.

मार्च २०२० मध्ये माझे दीर आणि धाकटी जाऊ पुण्याहून दोन बॅगा आणि दोन लॅपटॉप घेऊन आले. पंधरा दिवसांसाठी आले होते, राहिले तीन वर्षे. आमच्याच गल्लीत अशी चार घरे होती. खानदेशाची यात एक गंमत आहे. विप्रो कंपनीचे नाव आज जगभर आहे, पण तिचा जन्म १९४५ साली आमच्या जिल्ह्यातल्या अमळनेरला झाला, वनस्पती तूप करणारी कंपनी म्हणून. त्याच अमळनेरची पोरे शिकून पुण्या-बंगळूरला कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली आणि २०२० मध्ये तो कॉम्प्युटर पाठीवर टाकून परत अमळनेरला आली.

आमच्या घराची रचना अशी झाली. वरची खोली भाऊजींना. त्यांचे काम अमेरिकेचे, संध्याकाळी पाचपासून रात्री दीड-दोनपर्यंत. त्यांना शांतता हवी, म्हणून दार बंद. धाकटीला जेवणाचे टेबल. आता जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, पारा पंचेचाळीसला टेकलेला. कूलर लावला तर मीटिंगमध्ये घरघर, बंद केला तर घामाच्या धारा. खिडकी उघडली की भाजीवाल्याचा भोंगा. एकदा तिची मीटिंग चालू असताना आमच्या कुकरच्या लागोपाठ तीन शिट्ट्या झाल्या. तिकडच्या साहेबाने विचारले, "तुमच्या घराजवळून रेल्वे जाते का?" ती म्हणाली, "हो, जंक्शनच आहे." आम्ही दोघी नंतर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

पण रोज काही हसण्यासारखे नव्हते. जर्मनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचा दीड होतो. म्हणजे नेमकी पोळ्यांची वेळ. तिची रोजची मुख्य मीटिंग तेव्हाच. हेडफोन कानात, डोळे लॅपटॉपवर आणि एक हात गॅसकडे. मुलांना वाढ, सासूबाईंना औषध दे, कुणी दार वाजवले तर ऊठ. खोलीत दार लावून बसलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही. टेबलाशी बसलेल्या बाईला सगळे मारतात. काम तिचेही आठ-नऊ तासांचे आणि पगार भाऊजींपेक्षा फार कमी नव्हता.

एका रविवारी भाऊजी कागद-पेन्सिल घेऊन बसले. वाकडच्या घराचे भाडे बावीस हजार, स्वयंपाकाच्या मावशी पाच हजार, धुणे-भांडी अडीच हजार, शिवाय पेट्रोल आणि हॉटेल. घरात दहा हजार देऊनसुद्धा पंचवीस हजार शिल्लक! "वहिनी, जळगावसारखं स्वस्त गाव नाही," म्हणाले. माणूस मनाने कंजूष नाही, घरात पैसे न मागता देत होता. पण मी तो कागद पाहत होते. त्यातले स्वयंपाकाच्या मावशींचे पाच हजार जळगाव स्वस्त म्हणून वाचले नव्हते. त्या मावशींच्या जागी मी होते, अर्धी धाकटी होती, आणि सकाळचे निवडणे-टिपणे सत्तरीच्या सासूबाई करत होत्या.

माझेही सांगायला हवे. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. टाळेबंदीत तासच झाले नाहीत, तेव्हा मानधनही नाही. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडायला सुरुवात झाली आणि आमच्या शाळेतून निरोप आला. वेळ साडेअकरा ते अडीच. मला तर आकाश ठेंगणे झाले! घरात मात्र शांतता पसरली. कुणी 'नको जाऊ' म्हणाले नाही. आमचे हे बँकेत जातात. ते एवढेच म्हणाले, "यंदापुरतं राहू दे की. तुला मिळतात चार हजार. इथे दोघांचे मोठे पगार चाललेत, त्यांची आबाळ नको." चार हजार म्हणजे वाकडच्या मावशींपेक्षाही कमी! त्याच आठवड्यात धाकटीच्या साहेबाने तिला बजावले होते की मीटिंगमध्ये तिचे लक्ष नसते. ती रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, मीच राजीनामा देते. म्हणजे तुम्ही शाळेत जाऊ शकाल."

दोघींपैकी एकीने घरी बसायचे, हे तिनेही धरूनच चालले होते. वरच्या खोलीचे दार कुणाच्या मनातही आले नाही.

मी भांडले नाही. इतिहास शिकवते म्हणून असेल, मी नोंद ठेवायला घेतली. मुलांची एक जुनी वही काढली आणि आठ दिवस घरात कोण कोणते काम किती वेळ करतो ते लिहिले. पाणी भरणे, कणीक मळणे, कळण्याची भाकरी वेगळी, भाऊजींचा दहाचा नाश्ता वेगळा, रात्री साडेदहाचा चहा वेगळा. सकाळी-संध्याकाळी भांडी. मुलांचा मोबाइलवरचा वर्ग. त्याच सुमारास सरकारची एक पाहणी वाचनात आली होती. २०१९ साली देशभर घरोघरी विचारून केलेली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ९७. तो आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि खाली आमच्या घराचा. आमचा बायकांचा आकडा देशाच्या बराच वर होता. पुरुषांचा मी इथे छापत नाही, हे पान आमच्या घरी वाचले जाईल.

(पुढे २०२४ मध्ये तीच पाहणी पुन्हा झाली. बायकांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. मधल्या काळात सगळा देश महिनोन्महिने घरात बसून होता, तरी पुरुषांची नऊ मिनिटे कमीच झाली बाई!)

रविवारी जेवणे झाल्यावर मी वही वाचून दाखवली. पहिला भडका सासूबाईंचा. "घरात कुणी असे हिशेब मांडतं का? हे घर आहे की खानावळ?" मी गप्प राहिले. भाऊजी खाली मान घालून ऐकत होते. हे म्हणाले, "एवढं होतं का?" थोड्या वेळाने सासूबाईंनीच वही मागून घेतली, चष्मा लावून दोन पाने वाचली आणि म्हणाल्या, "पहाटे पाणी येतं तेव्हा मी उठते, ते लिहिलंच नाही हिने." मी तिथल्या तिथे लिहिले. मग त्या कुणाकडेच न पाहता म्हणाल्या, "माझी चाळीस वर्षं कोणत्या वहीत आहेत?" त्यानंतर बराच वेळ कुणी बोलले नाही.

आता व्यवस्था काय केली ते सांगते, कुणाला उपयोगी पडेल. भाऊजी साडेदहापासून पाचपर्यंत मोकळे असत. दुपारचे वरण-भात, कोशिंबीर आणि वाढणे त्यांच्याकडे आले. भाजी मी सकाळी करून ठेवायची. पोळ्यांसाठी गल्लीतल्याच एका मावशींना लावले आणि पैसे 'वाकडच्या भाड्यातून' द्यायचे ठरले. वरची खोली दुपारी एक ते पाच धाकटीची, पाचनंतर भाऊजींची. तिथे टेबलाला मेणकापड घातले, खुर्चीवर उशी ठेवली आणि कूलर खिडकीबाहेर काढून बसवला. त्याने आवाज निम्मा झाला. पाणी भरणे आणि भाजी आणणे ह्यांच्याकडे. दाराच्या आतल्या बाजूला कागद लावला, 'दीड ते अडीच हाक मारू नये.' मुलांनी तो सगळ्यांत आधी पाळला. मोठ्यांना महिना लागला.

सगळे गोडच झाले असे नाही. दोन महिन्यांनी भाऊजींचे वरण-भात आठवड्यातून चार दिवसांवर आले. पोळ्यांच्या मावशी मात्र टिकल्या, धाकटीची नोकरी टिकली आणि माझे तासही. 

म्हणूनच पुढे त्या एसाविरावाल्या मुलीचे फोटो आले तेव्हा मी धाकटीला म्हटले, "तिला विचार गं, तुझं जेवण कोण करतं?" तिने मोकळेपणाने कळवले. रोज सकाळी गावातली एक बाई येते, झाडते, कपडे धुते, ताजीन करून ठेवते. ताजीन म्हणजे शंकूसारख्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद शिजवलेले कालवण. तिथे घरी मळलेली कणीक पाटावर झाकून गल्लीतल्या सामाईक भट्टीवर पाठवायचीही रीत आहे, पाव तिथून भाजून येतात. (ही युक्ती आपल्याकडे असती तर!) जर्मनीत अशी बाई ठेवणे तिला परवडलेच नसते. म्हणजे स्वस्त काय होते, तर त्या बाईचे हात.

आणि गाव तरी सगळ्यांना स्वस्त असते का? गोव्यात पाहा. २०२० नंतर दिल्ली-मुंबईची मंडळी लॅपटॉप घेऊन आसगाव, शिवोलीकडे राहायला गेली. त्यांना मुंबईच्या मानाने भाडे किरकोळ वाटले. ते चढत गेले आणि तिथलीच नवी लग्न झालेली मुले घर शोधत दूर सरकली. जळगावात कुणी एवढ्या संख्येने आले नाही म्हणून आपण बचावलो. शिवाय आपला मे महिना राखण करतोच!

तरी माझ्या मुलीने उद्या असे भटकायचे ठरवले तर मी अडवणार नाही. २०२४ मध्ये जळगावहून गोव्याला विमान सुरू झाले, तेव्हापासून ती नकाशाच घेऊन बसते. नवऱ्याच्या बदलीमागे गाव बदलणाऱ्या बायका आपण पिढ्यान्पिढ्या पाहिल्या. स्वतःच्या कामापायी गाव निवडणारी पोरगी मला पाहायची आहे. फक्त निघण्यापूर्वी मी तिला वरण-भात, भाकरी आणि आपले कपडे आपण धुणे हे शिकवीन. तिच्या भावालाही शिकवीनच, तो सध्या कणीक मळण्यापर्यंत आला आहे.

२०२३ मध्ये कंपनीने बोलावले तशी ही दोघे पुण्याला परतली. आता आठवड्यातले तीन दिवस कचेरीत जातात. थंडी पडली आणि बाजारात भरताची वांगी आली की दहा-पंधरा दिवस लॅपटॉपसकट इकडे येतात. गेल्या डिसेंबरात येण्याआधी धाकटीचा निरोप आला, "ताई, पोळ्यांच्या मावशींना आमचं सांगून ठेवा. माझी मीटिंग दीडलाच आहे. तुमचे यंदा तास कितीला?"