आधी पिल्लू हातात घ्या

पिल्लं टाकणारी कुत्री म्हणजे रक्तातच खोट, असं मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आलो. जत-आटपाडीपासून माण-खटावच्या माळापर्यंत कारवानी पाळणाऱ्या बहुतेकांचं मत हेच. कारवानी ही मेंढपाळाची, शिकाऱ्याची कुत्री. कृष्णेपलीकडच्या मुधोळच्या नावानं २००५ साली पोस्टाच्या तिकिटावरही गेलेली. धनगराच्या वाड्यावर ती खड्डा उकरून रात्रीत विते आणि सकाळी पिल्लं लुचताना दिसतात. शहरातल्या बुलडॉगचं पोट फाडावं लागतं, कारण माणसानं त्याचं डोकं मोठं आणि मागचा भाग अरुंद करून ठेवला. ब्रिटनमधल्या एका पाहणीत बुलडॉगची ८० टक्क्यांहून अधिक वेतं सिझेरियननं झाली होती. कारवानी सहज विते, हे मत अजून कायम आहे. बदललं ते रक्तातल्या खोटीचं.

माझी एक पहिलटकरीण व्याली आणि एक पिल्लू सारखं बाजूला सारायला लागली. परत लावलं की गुरगुरायची. हिचं पुन्हा वेत घ्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला भाचा आला होता. त्यानं एवढंच विचारलं, "मामा, पिल्लू हातात घेऊन बघितलंत का?" गार होतं. पहिले दोन आठवडे पिल्लाला अंगातली ऊब स्वतः राखता येत नाही, आणि गार पडलेलं पिल्लू आई जगणाऱ्यांत धरत नाही. त्याला हळूहळू ऊब दिली, मग आईला लावलं. तिनं चाटून घेतलं.

त्यानंतर मी जुनी वेतं आठवत बसलो, आणि बरं वाटलं नाही. पिल्लांवर दात काढणाऱ्या एकीचे सड दगडासारखे आणि तापलेले होते. लुचलं की कळ जात असणार. दुसरी व्याल्यावर तिसऱ्या आठवड्यात थरथरायला लागली, पिल्लं तोंडात धरून घरभर फिरायची. आम्ही म्हटलं, पिसाळली. दुधावाटे कॅल्शियम उतरलं की असंच होतं, आणि शिरेतून वेळेवर दिलं तर जनावर उठतं. गाभणपणी भरमसाट कॅल्शियम चारलं तर शरीराची हाडातून ते काढायची सवय मंदावते आणि उलट धोका वाढतो. चारणारे आम्हीच. शिवाय व्यालेल्या कुत्रीभोवती अख्खी आळी गोळा करायची हौसही आमचीच.

कळा मंदावल्या की ऑक्सिटोसिन टोचायचं, हेही मी केलंय. पिल्लू आडवं अडकलेलं असेल तर त्या इंजेक्शनानं गर्भाशय फाटू शकतं. आता अर्धा तास जोराच्या कळा देऊन पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळं पाणी गेलं, तर थेट गाडी काढतो. सिझेरियन झालेली कुत्री गुंगीतून उठून पिल्लांकडे परक्यासारखी बघते, तेव्हाही तिला नावं ठेवत नाही. पिल्लू वाटेतून उतरताना अंगात जी आईपणाची लाट उठते, ती तिच्या वाट्याला पुरती आलेलीच नसते. गर्भजल पिल्लांना चोळून ठेवलं तर पुष्कळदा घेते.

मग रक्ताचं काहीच नाही? आहे. ऊब, दूध, निवांतपणा सगळं असूनही दर वेताला पिल्लं मारणारी असतेच, तिला थांबवावं. चांगल्या कुत्रीच्या वेतांनाही हद्द आहे: कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या केंद्राच्या नियमांत १८ महिन्यांआधी वेत नाही, वर्षात एकच आणि जन्मात पाचच, असं आहे. आमच्याकडे पिल्लाला भाव आला की दर माजाला नर लावतात.

आणि नराला कोणी विचारत नाही. लेकीचं आईपण बापाकडूनही येतं, पण शिव्या फक्त मादीला. हल्ली नर बघायला गेलो की छाती आणि धाव बघून झाल्यावर मी विचारतो, ह्याची आई कशी व्याली होती, पिल्लं घेतली का तिनं? नराच्या मालकाला हा प्रश्न अजिबात आवडत नाही.