आधी तोंड, मग हत्यार : सावंतवाडीची एक फेरी

बेळगावहून वेंगुर्ले रस्त्याला लागलं की शिनोळी, मग आंबोली. घाट उतरून दाणोली मागे टाकली की सावंतवाडी. आपल्याकडची बरीच कुटुंबं या रस्त्याने गोव्याला किंवा मालवणला जातात आणि वाडीत मोती तलावाकाठी चहा घेऊन पुढे निघतात. या वेळी आम्ही वाडीलाच मुक्काम केला. माझ्या पुतणीने मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे आणि घरी लाकडाचं छोटं लेथ घेतलं आहे. तिला आतून पोकळ भांडी करायची आहेत. त्यासाठीची हत्यारं मागवण्याआधी, हेच काम पिढ्यान् पिढ्या करणारी माणसं बघून ये, असं मी तिला सुचवलं होतं.

चितार आळीतल्या दुकानांत लाकडी फळं, पाळणे, भोवरे आणि भातुकली मांडलेली असते. फळ भरीव असतं. पटाशी बाहेरूनच फिरते. भातुकलीतला हंडा हातात घेऊन बघा. तोंड अरुंद, पोट फुगीर. हत्याराला आत शिरून वळायचं असतं आणि आत काय चाललंय ते डोळ्याला दिसत नाही.

आळीजवळच्या एका कारखान्यात एक वयस्क कारागीर काम करत होते. पुतणीने मोबाइलवर वाकड्या मानेच्या महागड्या हत्याराचं चित्र दाखवून विचारलं, “आजोबा, हे घेऊ का?” ते हसून म्हणाले, “आधी तोंड बघूक व्हया, मगे हत्यार.”

मग त्यांनी दोन तुकडे दाखवले. परातीसारख्या उथळ भांड्यात लाकडाचे रेषे आडवे असतात. तिथे गोल पटाशी काठाकडून मध्याकडे न्यायची. फांदीच्या उभ्या तुकड्यातून डबी किंवा हंडा करताना रेषे उभे असतात. तिथे आधी मधोमध ड्रिलने हव्या त्या खोलीचं भोक पाडायचं आणि मग मध्याकडून बाहेर कापत यायचं. दिशा चुकली की रेषे उपटतात आणि आतली बाजू खरबरीत होते. तोंड रुंद असेल तर सरळ दांड्याचं, गोल टोकाचं खरवडायचं हत्यार पुरतं. काठाच्या आत, खांद्याखाली पोहोचायचं असेल तेव्हाच वाकडं टोक लागतं.

दुसरा प्रश्न दांड्याच्या जाडीचा. इथे मला आमच्या उद्यमबागेतला बोअरिंग बार आठवला. टूल रेस्टच्या पुढे निघालेली लांबी दुप्पट झाली की दांडा आठपट वाकतो. व्यास दुप्पट केला तर सोळापट ताठ होतो. लोखंड कातताना साध्या स्टीलच्या बारची बाहेरची लांबी व्यासाच्या चौपटीपर्यंत ठेवतात. लाकूड मऊ असल्याने थोडी सूट मिळते, पण हिशोब तोच. बारा मिलिमीटरचा दांडा पन्नास मिलिमीटर खोल डबीला निर्धास्त चालतो. वीतभर खोल फुलदाणीत तोच थरथरतो आणि अडकला तर हाताला जोरात हिसका बसतो. म्हणून खोल कामाला जाड दांडा आणि लांब मूठ.

वाकड्या हत्याराची एक खूण आजोबांनी सांगितली. टेकवायचा तो सरळ भाग, बाक कधीच टूल रेस्टवर टेकवायचा नाही. हत्यार हातात पिळवटतं. खरवडताना टोक मध्यरेषेच्या किंचित वर ठेवायचं. चुकून खाली गेलं तरी ते मोकळ्या जागेत जातं, लाकडात रुतत नाही.

पातीबद्दल पुतणीचा कल कार्बाइडकडे होता. तिला धार लावावी लागत नाही. गोल पाती बोथट झाली की थोडी फिरवायची. पण ती खरवडते, त्यामुळे मऊ लाकडाच्या उभ्या रेषांवर नंतर पॉलिश पेपर जास्त घासावा लागतो. हाय स्पीड स्टीलला ग्राइंडर लागतो, मात्र हवा तो आकार देता येतो. जुन्या कानशीचं हत्यार करायचा मोह मात्र टाळावा. कानस कडक पण ठिसूळ असते. पोकळीत अडकली तर मोडून तुकडा उडू शकतो.

परतताना घाटात तिने यादी बदलली. मोठा संच रद्द. एक सरळ दांड्याचं गोल टोकाचं हत्यार, एक थोडंसं वाकडं आणि चेहऱ्यावर घ्यायची पारदर्शक ढाल. ओढणी आणि सैल बाह्या लेथपाशी नकोत, भुसा बोटाने काढायचा नाही, लेथ थांबवूनच काढायचा, हेही तिने लिहून घेतलं.

निघण्यापूर्वी मी आजोबांना विचारलं होतं, घरात हे काम पुढे कोण करतं? ते म्हणाले, मुलगा गोव्यात नोकरीला आहे. थोडं थांबून पुतणीकडे बघत म्हणाले, “पावसानंतर आठ दिवस येऊन ऱ्हव. हात बसतलो.” तिने दसऱ्यानंतरची तारीख कळवली आहे.

तुमच्यापैकी कुणी वाडीवरून जाणार असाल तर चहाबरोबर तासभर चितार आळीलाही द्या. भातुकलीतलं एक भांडं विकत घ्या आणि त्याच्या आत बोट फिरवून बघा.