फटक्याआधीची पंचवीस सेकंदे

वाचकहो, ज्या खेळाविषयी मी आज लिहिणार आहे, तो मी स्वतः कधीही खेळले नाही. माझे यजमान खेळतात. त्यांच्या मागून पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन चालण्यात माझी तीस वर्षे गेली, म्हणून मला त्यातले थोडेफार कळते एवढेच.

पुण्यात बदली होऊन आलो तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. कचेरीतील स्नेह्यांच्या आग्रहावरून ते येरवड्याच्या गोल्फ मैदानावर जाऊ लागले आणि एका रविवारी मलाही घेऊन गेले. चेंडू गवतावर निश्चल पडला होता. हे त्याच्या मागे जाऊन उभे राहिले, दूर पाहिले, खाली पाहिले, काठी हवेत फिरवली, पुढे आले, पाय हलवले, पुन्हा दूर पाहिले. (त्या काठीला खेळाडू ‘क्लब’ म्हणतात, परंतु क्लब म्हटले की मला पत्त्यांचे टेबल आठवते, म्हणून मी काठीच म्हणते.) शेवटी न राहवून मी म्हटले, “अहो, चेंडू मारायचा आहे की त्याची प्राणप्रतिष्ठा करायची आहे?” ते हसले आणि तो फटका झाडीत गेला. त्याचे खापर अजूनही माझ्यावर आहे.

पुढे त्यांनी मला समजावून सांगितले. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, विचार करायला सवडच नसते. गोल्फमध्ये चेंडू वाट पाहत पडून असतो, आणि ही सवडच घातक. तेवढ्या वेळात डावीकडचे तळे दिसते, मागे उभी असलेली माणसे जाणवतात, मघाचा चुकलेला फटका आठवतो. म्हणून जाणकार खेळाडू प्रत्येक फटक्याआधी ठरावीक कृती ठरावीक क्रमाने करतो. तिला इंग्रजीत ‘प्री-शॉट रूटीन’ म्हणतात. आमच्या घरी तिचे नाव ‘तयारी’ असे पडले.

ही तयारी त्यांना एका दिवसात साधली नाही. सुरुवातीला ते मनाला येईल तसे उभे राहत. त्यांची पिशवी उचलणारे कॅडी वयाने मोठे होते, सगळे त्यांना मामा म्हणत. एकदा सहा-सात फटके वाया गेल्यावर मामा म्हणाले, “साहेब, तुम्ही रोज वेगळे उभे राहता. मग चेंडू रोज वेगळा जाणारच की!” त्या रात्री यजमानांनी एका वहीत आपण फटक्याआधी काय काय करतो ते लिहून काढले. अकरा गोष्टी निघाल्या. टोपी सारखी करणे, हातमोजा ओढणे अशांचाही त्यांत समावेश होता. पुढील दोन-तीन महिन्यांत एकेक कृती खोडत ते पाचांवर आले : चेंडूमागे उभे राहून रेषा ठरवायची, त्या रेषेवर जवळची एक खूण निवडायची, पाय रोवायचे, लक्ष्याकडे एकदाच पाहायचे, श्वास सोडायचा. श्वास सोडल्यावर थांबायचे नाही. त्याच ओघात काठी मागे गेली पाहिजे. तेथे क्षणभर जरी रेंगाळले तरी मन आपला प्रश्न घेऊन हजर होते.

मग सराव. आमच्या बैठकीतल्या सतरंजीवर, चेंडूशिवाय, रोज वीस वेळा. मी भाजी निवडता निवडता घड्याळ लावत असे. आरंभी कधी पंधरा सेकंद, कधी पन्नास. वर्षअखेर प्रत्येक वेळी पंचवीसच्या आसपास. मैदानावरील सरावातही त्यांनी टोपलीभर चेंडू धडाधड मारण्याचे सोडले. तीसच चेंडू, परंतु प्रत्येकाला पूर्ण तयारी. दीड फुटावरून चेंडू खळग्यात ढकलायचा असला तरी तीच. सोप्या फटक्याला तयारी गाळली की अवघड फटक्याला ती परकी वाटते, असे ते म्हणत. अर्थात ताटकळत ठेवणे हा काही गुण नव्हे. २०१९पासूनच्या नियमांत, आपली पाळी आली आणि अडथळा नसला म्हणजे ४० सेकंदांत फटका मारावा, अशी शिफारसच आहे.

त्या पाचांपैकी ‘खूण’ हे पाऊल त्यांनी जॅक निक्लॉस यांच्याकडून घेतले. गोल्फमधील मोठ्या मानाच्या १८ स्पर्धा जिंकणारा हा अमेरिकन खेळाडू दूरच्या झेंड्यावर नेम धरीत नसे. चेंडूपुढे काही फुटांवर, त्याच रेषेत, एखादे वाळके पान किंवा उखडलेले गवत हेरायचे आणि काठीचे तोंड त्याच्याकडे करायचे, ही त्याची रीत. दीडशे मीटरांवरच्या वस्तूकडे नीट रोख धरणे कठीण; हाताच्या अंतरावरील पानाकडे कोणालाही जमते. या खुणेकडे लक्ष असू द्या, वाचकहो. पुढे तिची गरज लागणार आहे.

वयाच्या ६८व्या वर्षी यजमानांना पार्किन्सन्स झाल्याचे निदान झाले. चालताना डावा हात झुलेनासा झाला होता, अक्षर मुंगीएवढे होत चालले होते. मला मात्र ते कळले मैदानावर. तयारी नेहमीसारखी झाली, श्वास सोडला, आणि काठी हललीच नाही. त्यांनी पुन्हा लक्ष्याकडे पाहिले. पुन्हा. आठ वेळा. सोबती खाली मान घालून उभे होते. “हात ऐकतच नाही गं,” ते मला म्हणाले, तेही हळू आवाजात, जणू हाताला ऐकू जाऊ नये.

या आजारात मेंदूतील डोपामिन कमी होते आणि सवयीच्या हालचाली आपोआप सुरू होईनाशा होतात. चालणे, खुर्चीतून उठणे, कुशीवर वळणे या ज्या गोष्टींचा आपण कधी विचारही करीत नाही, त्याच अडून बसतात. स्नायूंत बळ असते. आरंभ होत नाही. दारात पाय जणू फरशीला चिकटतात. मात्र बाहेरून काही इशारा मिळाला, उदाहरणार्थ जमिनीवरची पट्टी, ठेका, मोजलेले आकडे, तर पुष्कळांना हालचाल सुरू करता येते. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे सांगितले आणि मग विचारले, “काका, फटका मारण्याआधी तुम्ही नेमकं काय करता?” यजमानांनी वही दाखवली. बाई बराच वेळ ती पाहत राहिल्या.

खुर्चीतून उठण्याची आमची तयारी त्या वहीतून निघाली. तिचे चार शब्द आहेत : कड, पाय, नाक, श्वास. सरकत खुर्चीच्या कडेला यायचे. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, दोहोंत वीतभर अंतर ठेवायचे. नाक पायांच्या बोटांवर येईल इतके पुढे झुकायचे. श्वास सोडत, हातांनी खुर्ची रेटत उठायचे. पहाटे अंथरुणातून उठताना ‘कड’नंतर एक-दोन मिनिटे बसून राहायचे, कारण या आजारात आणि त्याच्या औषधांनी उभे राहताच रक्तदाब उतरण्याचा संभव असतो. आणि दारात पाय अडले तर? तर दाराकडे पाहायचेच नाही. पावलापुढची एक फरशी निवडायची आणि तिच्यावर पाय टाकायचा. निक्लॉसचे वाळके पान आमच्या घरात असे आले. न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी आम्ही पिवळी चिकटपट्टी लावली आहे, पाहुणे विचारतात, आम्ही सांगतो, “गोल्फचं मैदान आहे.”

हे सारे उत्तम चालले होते आणि तरीही ते पडले. त्याचे कारण मी होते.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. सकाळी दाराची घंटा वाजली, गॅसचा सिलिंडर आला होता. माझे हात कणकेत. यजमान नुकतेच ‘कड, पाय’ म्हणून झुकत होते. मी स्वयंपाकघरातून ओरडले, “अहो, लवकर उघडा ना दार!” ते तयारी अर्ध्यावर टाकून उठले, घाईने वळले आणि उजव्या हातावर पडले. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. त्या सहा आठवड्यांत मला कोणी काही बोलले नाही, त्यांनीही नाही, आणि ते फार जड गेले.

खरे म्हणजे मला माहीत असायला हवे होते. येरवड्याच्या मैदानावरून लोहगावच्या विमानांची ये-जा असते. यजमान फटक्यासाठी उभे असताना विमान गर्जत गेले की ते काय करीत? काठी उचलून मागे येत, चेंडूमागे जाऊन पुन्हा ‘रेषा’पासून आरंभ करीत. मोडलेली तयारी मधूनच पुढे चालू करायची नाही. हे मी शेकडो वेळा पाहिले होते. घरात आणले नव्हते. चार शब्द आणले, पाचवा नियम मैदानावर विसरले.

आणखी एक दृश्य मला तेव्हा सारखे आठवे. ७ ऑगस्ट २०२१च्या सकाळी अवघ्या देशाने गोल्फ पाहिला, आम्हीही चहा घेऊन दूरदर्शनसमोर बसलो होतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले. यजमान तिची प्रत्येक हालचाल बोटांवर मोजत होते. मी पाहत होते तिच्या आईला, कारण तिची पिशवी सांभाळणारी कॅडी तिची आईच होती. गोल्फचा एक नियम असा आहे की खेळाडू फटक्यासाठी उभा राहू लागला की कॅडीने मुद्दाम त्याच्या मागे, चेंडूच्या रेषेत उभे राहायचे नाही. तोवर हवा तेवढा सल्ला द्यावा. मग बाजूला व्हावे. त्या दिवशी मी कौतुकाने माना डोलावल्या.

आता तुमच्या घराकडे वळते. तुमच्याकडे पार्किन्सन्स असेल, पक्षाघातानंतरचा अशक्तपणा असेल, किंवा नुसते वय असेल; प्रत्येकाची तयारी वेगळी, आणि ती फिजिओथेरपिस्टच्या देखतच ठरवावी. पण एक गोष्ट आज संध्याकाळीच तपासा : तुमच्या घरातील माणसे आजोबांना उठवताना काय बोलतात? आमच्याकडे दिवसाच्या मावशी “चला आजोबा, उठा उठा” म्हणत. सून “वन, टू, थ्री” मोजे. मी समोरून दोन्ही हात धरून ओढत असे, आणि ते फारच वाईट, कारण समोरून ओढले की माणूस तोल सांभाळायला मागे रेलतो. तिघींच्या तीन तऱ्हा! मामांचे वाक्य येथेही लागू होते. आता चार शब्दांचा कागद खुर्चीमागच्या भिंतीवर आहे आणि सर्वजणी तेच शब्द, त्याच क्रमाने म्हणतात; हल्ली ते स्वतःच म्हणतात, आम्ही बाजूला उभ्या असतो, हाताच्या अंतरावर. ते चालत असताना त्यांना प्रश्न विचारायचा नाही. भाजी कोणती करू, हेही नाही. चालणे आणि बोलणे ही दोन कामे एकदम आली की पाय अडतात. आणि दारावर आलेला माणूस थांबतो, वाचकहो. इतकी वर्षे मला वाटे की तो थांबणार नाही.

मैदानावर आम्ही अजून जातो, गुरुवारी. मोठे फटके संपले. औषधाची गोळी लागू पडल्याच्या सुमारास, सरावाच्या हिरवळीवर ते अर्धा तास चेंडू खळग्यात ढकलतात. मनगट पूर्ण वळत नाही. तयारी पूर्वीसारखीच पाच शब्दांची आहे, फक्त पंचवीस सेकंदांऐवजी चाळीस-पंचेचाळीस लागतात. मी एकदा त्यांना त्या ४० सेकंदांच्या शिफारशीची आठवण करून दिली. ते म्हणाले, “आता पंच तूच. बघ काय करायचं ते.”

परवा रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली. रात्रीच्या दिव्याच्या उजेडात ते पलंगावर उठून बसत होते. “कड,” ते पुटपुटले. मग बराच वेळ काहीच नाही. दोन मिनिटे म्हणजे रात्री फार लांब असतात. “पाय.” इतक्यात खाली रस्त्यावर कुत्री भांडू लागली. मी हात टेकून अर्धी उठले होते. ते थांबले, कुत्री शांत होईपर्यंत बसून राहिले आणि पुन्हा म्हणाले, “कड.”

मी आडवी झाले. पाय, नाक, श्वास. मग फरशीवर एक पाऊल वाजले, आणि जरा थांबून दुसरे.