झोळीची दोरी

सूनबाईनं नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा बीएचा फॉर्म भरला, तेव्हा थोरला चार वर्षांचा, धाकटी झोळीत. मुलगा तारापूर एमआयडीसीत रात्रपाळीला. रविवारी पालघरला वर्ग. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली सुरू झाली म्हणून बोईसरवरून जाणं-येणं तरी जमायचं. बाकीचे दिवस पुस्तक चुलीपाशी, पानांना हळदीचे डाग.

परीक्षा आली ती नेमकी भातपेरणीच्या तोंडावर. मी चिडलो, "पोरं टाकून कसली गं परीक्षा?"

ती भांडली नाही. झोळीची दोरी माझ्या हातात दिली. "बाबा, तासाभरानं दूध द्या," म्हणाली नि गेली.

दोरी ओढता ओढता आठवलं. माझ्या थोरल्या बहिणीची शाळा मला सांभाळतानाच सुटली. मी दहावीपर्यंत गेलो, तिला सहीसुद्धा येत नाही. आपल्याच जिल्ह्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी शाळेला पाळणाघर जोडलं, ते अशाच पोरींसाठी. आमच्या गावात कुठलं पाळणाघर!

धाकटी उठली, रडायला लागली. दूध कुठल्या टोपात आहे, तेही मला ठाऊक नव्हतं.

पुढचे तीन पेपर मी शेतावर गेलो नाही. पेरणी चार दिवस लांबली.